हाउझीचा परवाना

दिवाळीच्या कार्यक्रमात हाउझी नाही, असं आमच्या मंडळात कधी झालं नव्हतं. पाच डॉलरचं तिकीट, बक्षिसं जलद पाच, तीन ओळी आणि फुल हाउसला. उरलेले पैसे मराठी शाळेला. मागच्या वर्षी मी खजिनदार झाले आणि हिशेब बघणाऱ्या काकांनी विचारलं, "याचा परवाना कुठाय?"

तो कुणी काढलाच नव्हता. आपल्याकडे लग्नघरी, सहलीच्या बसमध्ये सर्रास खेळतात, त्याला परवाना कसला! पण आम्ही राहतो कॅलिफोर्नियात. इथल्या दंडसंहितेचं कलम ३२६.५ वाचलं. कसलाही क्रम न ठरवता निघालेले आकडे हातातल्या कार्डावर खोडायचे आणि बक्षीस घ्यायचं, तो बिंगो. अमेरिकन बिंगोत ७५ आकडे, आपल्या हाउझीत ९०, पण कायद्याच्या लेखी दोन्ही एकच. १९७६ साली राज्यघटनेत दुरुस्ती झाली, तेव्हापासून धर्मादाय कामासाठी तो खेळवता येतो, तेही त्या शहराने किंवा काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) तसा नियम केला असेल तरच. आमच्या शहरात तो होता, हे नशीब.

पहिला अर्ज परत आला. करमाफीचं केंद्र सरकारचं पत्र जोडलं होतं, राज्याचं नव्हतं. ते जुन्या कार्यकारिणीतल्या एका काकूंच्या कपाटात सापडेपर्यंत तीन आठवडे गेले. खिडकीवर "फाइल पुढे गेलीय" एवढंच ऐकायला मिळायचं. मनस्ताप झाला, खोटं कशाला सांगू. फी मात्र पन्नासच डॉलर.

मग एकेक अट समजत गेली. खेळ संस्थेच्या स्वतःच्या, भाड्याने घेतलेल्या किंवा कुणी वापरायला दिलेल्या जागेतच हवा, आणि तिथे संस्थेचं काम चालत असायला हवं. दर रविवारी जिथे शाळा भरते तो हॉल चालला. खेळ सर्वांना खुला हवा, फक्त सभासदांना नाही. चालवायचा मात्र सभासदांनीच, एक पैसा न घेता, त्यामुळे पैसे देऊन ठरवलेल्या निवेदकाला हाउझीपुरतं बाजूला बसवावं लागलं. ही अट मला सगळ्यात पटली. चालवणाऱ्याला पैसे मिळायला लागले की शाळेचं नाव पुढे करून कुणीही धंदा करील.

एका डावातली सगळी बक्षिसं मिळून पाचशे डॉलरच्या वर जाता कामा नयेत, मग ती रोख असोत की वस्तू. एका ताईंनी फुल हाउससाठी पैठणी दिली होती. घडीत पावती होती, साडेसहाशेची. ताई हिरमुसल्या, पण पैठणी लिलावात ठेवली आणि तिथे तिचे सातशे वीस आले.

जड गेली ती वयाची अट. अठराच्या खालच्या कुणालाही खेळात भाग नाही. माझी लेक पंधराची. सहा वर्षांची असल्यापासून स्टीलच्या डब्यातून लाकडी सोंगट्या काढून आकडे तीच पुकारायची. तिला सांगताना माझाच आवाज बसला. ती काही बोलली नाही. डबा पुसला, नव्वदच्या नव्वद सोंगट्या मोजल्या आणि आजींच्या हातात दिला. मग लहान मुलांना घेऊन बाहेर रांगोळी काढायला गेली.

आजींनी हॉल डोक्यावर घेतला. "रामाचा वनवास, चौदा! नक्षत्रं, सत्तावीस!" दारापाशी रंगाने माखलेल्या हातांनी लेक क्षणभर उभी राहून ऐकत होती.

रात्री शाळेच्याच टेबलावर मी आणि आजींनी पैसे मोजले, दोघींनी सह्या केल्या. बिंगोचे पैसे मंडळाच्या इतर पैशांत मिसळता येत नाहीत, म्हणून सोमवारी वेगळ्या खात्यात भरले. त्यातला पहिला चेक पहिलीच्या वाचनपुस्तकांसाठी गेला.

डबा आता आमच्या घरी आहे. तीन वर्षांनी लेक अठराची होईल, तेव्हा आकडे तीच पुकारणार, असं आजींनीच ठरवून टाकलंय.