ठिबक का रुजलं, आणि बिघडल्यावर शेतकरी का तुटतो

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात ठिबकाशिवाय केळी लावणारा शेतकरी आता शोधावा लागतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरींनी तळ गाठला, मग बोअर आले, तेही खोल खोल जात राहिले, आणि पाटाने मोकळं पाणी सोडणं परवडेनासं झालं. तरी त्याच शिवारात बांधावर टाकून दिलेले नळ्यांचे वेटोळे दिसतात. संच घेतला, दोन हंगाम चालवला आणि सोडला. या सोडून देण्याचा विचार फारसा होत नाही. किती हेक्टरवर ठिबक बसलं याचे आकडे निघतात, त्यातलं किती चालू आहे हे विचारायला कुणी येत नाही.

नवीन तंत्र माणूस का घेतो, या विषयाचा पाया शेतीतच घातला गेला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला, यावर रायन आणि ग्रॉस यांनी 1943 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं: बियाण्याची माहिती पहिल्यांदा बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण घ्यायचं हे मन शेजाऱ्याचं पीक पाहून झालं. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्ये या सगळ्याची नीट मांडणी केली. तेही आयोवातल्या शेतकऱ्याचेच पोर. त्यांच्या वडिलांना यंत्रांची आवड होती, पण संकरित मक्यावर त्यांचा भरवसा नव्हता. 1936 च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला, यांचा वाळला, आणि मग भरवसा बसला. रॉजर्स यांनी सांगितलेले मुद्दे पाच: जुन्यापेक्षा फायदा किती, आपल्या रीतीत बसतं का, समजायला अवघड किती, थोडं करून पाहता येतं का, आणि परिणाम डोळ्यांना दिसतो का.

या पाचांची परीक्षा खानदेशात मोबाईल स्टार्टरवर करून पाहावी. शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासच येते आणि पाळी रात्रीची असली की मोटार चालू करायला अंधारात विहिरीवर जायचं, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. घरून फोन लावून मोटार चालू करणारा डबा आला आणि अनुदानाची वाट न पाहता लोकांनी तो विकत घेतला. फायदा पहिल्याच रात्री कळतो. समजायला सोपा, नको असेल तर काढून ठेवता येतो. तो बिघडतोही भरपूर: सिमचा रिचार्ज संपतो, शिवारात रेंज नसते, एक फेज गेला की मोटार उचलत नाही. पण त्यावरून कुणी डबा फेकून देत नाही, कारण का चालला नाही हे शेतकऱ्याला स्वतःला शोधता येतं. माझ्या मते इथेच सगळं आहे. ज्या बिघाडाचं कारण आपल्याला दिसतं तो माणूस पोटात घालतो. ज्याचं कारण कुणी सांगत नाही, तो बिघाड थेट विश्वासावर जातो. ठिबकाचे बिघाड दुसऱ्या जातीचे आहेत, ते जमिनीखाली आणि नळीच्या आत होतात.

त्यात अनुदानाने एक गुंता केला आहे. केंद्राच्या प्रति थेंब अधिक पीक योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेने त्यात भर घालून ते 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत नेलं. (टक्केवारी ठरवून दिलेल्या खर्च मर्यादेवर असते, दुकानदाराच्या बिलावर नाही, हे आधीच विचारून घ्यावं.) अनुदान हवंच, त्याशिवाय लहान शेतकऱ्याला हे जमलं नसतं. पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, मोका तपासणी (शेतावर येऊन पाहणी) या साखळीत सगळ्यांचं लक्ष संच बसण्याच्या दिवसावर असतं. विक्रेत्याची कमाई बसवण्यात आहे, पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीत नाही. तपासणीच्या दिवशी पाणी पडलं की काम झालं.

आता बिघाड नेमके कुठे जन्मतात ते पाहू, कारण निम्मे बसवतानाच घातलेले असतात.

केळीच्या ओळी 5 फुटांवर म्हणजे दीड मीटरवर असल्या तर एकरात साधारण 2,700 मीटर लॅटरल, म्हणजे ओळीतून जाणारी बारीक नळी, बसते. 60 सेंटीमीटरवर 4 लिटर ताशीचा ड्रिपर (नळीवरचं थेंब सोडणारं तोंड) धरला तर ड्रिपर झाले सुमारे 4,500, आणि एका एकराला ताशी 18,000 लिटर पाणी लागलं. म्हणजे सेकंदाला 5 लिटर. उन्हाळ्यात आपली बोअर एवढं देते का, हे बादली आणि घड्याळ घेऊन मोजायला दहा मिनिटं लागतात. देत नसेल तर अर्ध्या अर्ध्या एकराचे भाग पाडावे लागतात, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह आणि सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारा पाइप) वाचवायला दोन एकर एकाच व्हॉल्व्हवर टाकले, की मे महिन्यात शेवटच्या झाडापर्यंत दाब उरत नाही.

दुसरी काटकसर लॅटरलच्या लांबीत होते. 16 मिलिमीटरची साधी नळी, वर सांगितलेला ड्रिपर आणि सपाट जमीन असेल तर एका बाजूला 60 ते 70 मीटरच्या पुढे जाऊ नये. त्यापुढे घर्षणाने दाब इतका पडतो की पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यात 10 टक्क्यांहून जास्त फरक पडतो. सबमेन शेताच्या मध्यातून नेली तर नळी दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी होते. तीच सबमेन कडेने नेऊन 120 मीटरची नळी ओढली, की धुळे-अमळनेरकडची ती तक्रार ऐकू येते: "भाऊ, शेवटना झाडले पानी जास नही." ही तक्रार खरी असते आणि शेतकऱ्याने काहीही साफ केलं तरी ती मिटत नाही.

यावर उपाय म्हणून प्रेशर गेजइतकी स्वस्त वस्तू नाही. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन हवेत. पुष्कळ संचांवर एकही चालू गेज नसतो. दोन्हींतला फरक प्रति चौरस सेंटीमीटर 0.5 किलोच्या वर गेला की फिल्टर भरला, सँड फिल्टरला बॅकवॉश द्यायचा (उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायचा) आणि जाळी काढून धुवायची. दोन्ही काटे खाली असतील तर पाणी कमी आहे, कुठे फुटलं आहे किंवा भाग मोठा झाला आहे. दोन्ही नीट आहेत आणि तरी टोकाला पाणी कमी, तर दोष नळीत: एक तर लांबी, नाहीतर चोकअप, म्हणजे ड्रिपर तुंबणं.

चोकअप मोजायला मिलिलिटरच्या खुणा असलेला मोठा कप पुरतो. 4 लिटरच्या ड्रिपरखाली कप 3 मिनिटं धरला तर 200 मिलिलिटर यायला हवं. पहिली, मधली आणि शेवटची लॅटरल घ्यायची, प्रत्येकीवर सुरुवात, मध्य आणि टोक अशी नऊ मापं वहीत लिहायची. संच बसला त्याच दिवशी ही मापं घेऊन त्यावर विक्रेत्याची सही घ्यावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पुढे भांडण झालंच तर ते आवाज चढवून न होता आकड्यांवर होतं. नव्या संचात पहिल्याच दिवशी टोकाला 150 येत असेल तर दोष आखणीचा. पहिल्या दिवशी 195 होतं आणि दोन वर्षांनी 120 झालं, तर साचलं आहे.

काय साचलं ते एंड कॅप (नळीच्या टोकाचं झाकण) उघडून बघायचं. बारीक वाळू आली तर जाळी फाटली आहे. बुळबुळीत हिरवट-काळपट गाळ आला तर शेवाळ आणि जिवाणू, म्हणजे विहिरीवर किंवा शेततळ्यात ऊन पडतंय. ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर असेल तर क्षार. आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसला तर चुनाच. आपल्याकडच्या कठीण पाण्यात हे घराघरातलं दुखणं आहे. आणि एक कारण आपण स्वतः पैसे देऊन विकत घेतो: कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 (फॉस्फेटचं विद्राव्य खत) किंवा मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत कालवलं की साका तयार होतो आणि तो ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. ती खतं वेगवेगळ्या दिवशी सोडावीत, आणि खत सोडून झाल्यावर 10 ते 15 मिनिटं नुसतं पाणी चालवावं.

क्षारांसाठी आम्ल प्रक्रिया. मात्रा दुसऱ्याच्या शेतावरून उचलू नये, पाणी वेगळं तर मात्रा वेगळी. आपलं 10 लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्या, सिरिंजने हायड्रोक्लोरिक आम्ल 1-1 मिलिलिटर टाकत जा, ढवळा आणि पीएच कागद 4 दाखवेपर्यंत मोजा. समजा 6 मिलिलिटर लागलं. ताशी 18,000 लिटरचा भाग 15 मिनिटांत 4,500 लिटर पाणी घेतो, म्हणजे आम्ल 2.7 लिटर. ते सँड फिल्टरच्या पुढे जोडलेल्या व्हेंच्युरीतून (खत-आम्ल पाण्यात ओढून घेणारं साधन) सोडायचं, शेवटच्या ड्रिपरला पीएच 4 दिसला की मोटार बंद, संच 24 तास तसाच, मग सगळ्या एंड कॅप उघडून फ्लश. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. शेवाळासाठी ब्लिचिंग पावडर वापरतात, ती आम्लाबरोबर एकाच वेळी कदापि नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. थर जुना होऊन दगड झाला असेल तर आम्लानेही सुटत नाही. तेव्हा नळी बदलणं हाच मार्ग.

आता माणसांकडे येऊ. सेवा फसल्यावर गिऱ्हाईक काय करतं, याचे दोन रस्ते अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये दाखवले: निघून जाणं किंवा आवाज उठवणं, आणि जिव्हाळा असेल तर माणूस निघून जाण्याआधी आवाज उठवतो. आपल्याकडे आणखी एक रस्ता आहे, तो म्हणजे खिळा. पाणी पडत नाही म्हणून शेतकरी नळीला खिळ्याने भोकं पाडतो. त्या झाडाला पाणी मिळतं, पण पुढच्या सगळ्या झाडांचा दाब जातो. विक्रेत्याचा माणूस नंतर येतो, भोकं पाहतो आणि म्हणतो, "तुम्हीच वाट लावली." तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर असेलही. पण 45 अंशांच्या उन्हात निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेली बाग, मोठ्या झाडाला दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी लागतंय, आणि फोन चार दिवस उचलला गेलेला नाही. अशा वेळी त्या माणसाने खिळा उचलू नये तर काय करावं? निसवणीला पाणी तुटलं की घड लहान राहतो, आणि नंतर नवी नळी फुकट दिली तरी तो भरून येत नाही.

तक्रार हाताळताना माणूस तीन गोष्टी तोलतो: हातात काय मिळालं, ते मिळवायला किती फेऱ्या झाल्या, आणि बोलणं कसं होतं. विक्रेते पहिल्या गोष्टीवर अडून बसतात आणि तिसरी फुकटात गमावतात. "उद्या माणूस येतो" असं चार वेळा सांगण्यापेक्षा "माणूस शुक्रवारी येईल, तोवर दोन भाग बंद ठेवून एकच चालवा, दाब वाढेल" हे एकदा सांगितलेलं लाख पटीने बरं. चूक छान निस्तरली तर गिऱ्हाईक आधीपेक्षा पक्कं होतं असं म्हणतात. ते पहिल्या चुकीपुरतं धरावं. तीच चूक दुसऱ्यांदा झाली की गोड बोलणं उलट अंगावर येतं. आणि इथे निघून जाणारा एकटा जात नाही. मृगबागेला (पावसाळ्याच्या सुरुवातीची केळी लागण) एकाने कंपनी बदलली की कांदेबागेला (पावसाळ्यानंतरची लागण) त्याच्या बांधाला बांध असलेले बदलतात, कारण संच घेतानाही त्यांनी त्याचंच पाहून घेतला होता.

आवाज उठवायची वेळ आली तर कागद हवेत: जीएसटीचं बिल, वॉरंटी कार्ड, आखणीचा नकाशा, ती नऊ मापांची वही, आणि तारखेसह लेखी तक्रार. नळ्यांवर आयएसआय खूण आणि आयएस क्रमांक छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवावा. उन्हाने ती छपाई पुसट होते. शेतकरी हा ग्राहक नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवता येते. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग: दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. केळीचं नुकसान मागायचं असेल तर बाग उभी असतानाच कृषी अधिकाऱ्याकडे पंचनाम्याची लेखी मागणी करावी. घड कापून गाडीत गेल्यावर दाखवायला काही राहत नाही.

विक्रेत्यांना सांगणं एवढंच, की एप्रिल लागण्याआधी जुन्या गिऱ्हाईकांच्या बागांवर एक फेरी मारावी. बरोबर ग्रोमेट, जॉइनर, एंड कॅप, फिल्टरची जाळी आणि गॅस्केट, दोन गेज आणि पीएच कागद असावेत. मे महिन्यात येणारे निम्मे फोन याच फेरीत मिटतात.