मुक्तिनाथची पायी वारी आणि हिमालयाच्या पाठीमागून येणारी नदी

नेपाळमधल्या जोमसोमहून मुक्तिनाथ या विष्णूच्या तीर्थाला आता जीप जाते, पण आम्ही पायीच निघालो, ग्रुपमध्ये बरेचजण आळंदी ते पंढरपूर करणारे त्यामुळे टाळ होतेच. सकाळी लवकर निघायचं, कारण दुपारकडे काली गंडकी नदीच्या खोऱ्यात असा वारा सुटतो की तोंडात वाळू जाते, मात्र तो दक्षिणेकडून येतो म्हणून वाटेतल्या कागबेनी गावाला जाताना पाठीवरच असतो.

पात्र अफाट रुंद, सगळे गोटेच गोटे, आणि मधून राखाडी पाण्याच्या दोन-चार धारा. मागे वळून बघितलं की एका बाजूला धौलागिरी, 8167 मीटर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, 8091 मीटर, आणि ही नदी चक्क दोघांच्या मधून आरपार जाते! म्हणजे ती येते हिमालयाच्या पाठीमागून, मुस्तांगच्या कोरड्या डोंगरांतून. ती या शिखरांपेक्षा जुनी आहे, जमीन वर उचलली जात राहिली आणि ही कापत राहिली.

कागबेनीला एका बाईंनी काळा गोल दगड दाखवला, दोन फाकळ्या वेगळ्या केल्या तर आत वेटोळं घातलेला शंख, एकेक रेघ स्पष्ट. शाळिग्राम. ज्युरासिक काळात इथे टेथिस समुद्र होता, त्यातला हा अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या शंखधारी समुद्री जिवाचा जीवाश्म. आमच्यातल्या एका आजींनी तो कपाळाला लावला, म्हणाल्या, "माउली, देव समुद्रातून इथवर वर आला की रे!" आजींचं भूगर्भशास्त्र एकदम बरोबर आहे.

मुक्तिनाथच्या 108 धारांखाली अंग बधिर होतं. ते पाणी झोंग खोला नावाच्या ओढ्यातून कागबेनीला गंडकीत, देवघाटला त्रिशूली नदी मिळाली की तिचं नाव नारायणी, आणि त्रिवेणीपाशी भारतात. सीमेवर वाल्मिकीनगरचा बॅरेज, 1959 च्या करारातला, अर्धा नेपाळात अर्धा भारतात, पण चालवतो बिहार. म्हणून पूर आला की "नेपाळने पाणी सोडलं" ही जी हेडलाइन येते ती मला अजिबात पटत नाही, पाऊस वर पडतो हे खरं, पण दरवाजे आपल्याच ताब्यात आहेत. आणि ते राखाडी पाणी म्हणजे डोंगराचा गाळच की, सपाटीवर वेग कमी झाला की खाली बसतो, पात्र भरतं, नदी बाजूला सरकते, बिहारमधली गावं त्यात जातात.

पुढे सोनपूरला ती गंगेला मिळते, हरिहर क्षेत्रात. कार्तिकी पौर्णिमेला तिथे स्नानाला जायचं आमचं ठरलंय, आजीपण येणार आहेत.