मल्टिसाइट मोडल्यानंतर तुटलेले थंबनेल: प्रगतीची तिसरी नोंद

तीन संकेतस्थळांचे वर्डप्रेस मल्टिसाइट (वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीच्या एकाच प्रतीवर चालणारी अनेक संकेतस्थळे) मोडून त्यातील कीटकांच्या छायाचित्रांचे संकेतस्थळ स्वतंत्र करण्याचे काम आता जवळपास मार्गी लागले आहे. डेटाबेसमधील टेबलांची नावे बदलून झाली, लॉगिन सुरळीत चालू झाले आणि जुने लेखही उघडू लागले. परंतु लेखांच्या मजकुरात जिथे लहान छायाचित्र, म्हणजे थंबनेल, दिसायला हवे होते, तिथे रिकामी चौकट आणि पर्यायी मजकूर एवढेच उरले होते. त्याच लेखांच्या माथ्यावरील मुख्य छायाचित्र मात्र सर्वत्र व्यवस्थित दिसत होते.

या फरकाकडे मी आधी लक्ष द्यायला हवे होते. त्याऐवजी थंबनेल खराब झाले असतील असे समजून मी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेस कमांडने हाताळण्याच्या साधनातील ‘मीडिया रीजनरेट’ ही कमांड थेट चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढले. ही कमांड ‘स्किप-डिलीट’ हा पर्याय दिला नाही, तर मेटाडेटात (चित्राचे आकार आणि त्यांच्या फाइली यांच्या नोंदीत) नोंदलेले जुने थंबनेल पुसून नवे तयार करते. मध्यम आकाराची रुंदी मी मधल्या काळात ३०० पिक्सेलवरून ४०० केली होती; त्यामुळे ‘३००x२००’ अशा शेवटाच्या शेकडो फाइली गेल्या आणि त्यांच्या जागी ‘४००x२६७’ च्या फाइली आल्या, ज्यांचा माझ्या एकाही जुन्या लेखात उल्लेख नव्हता. बॅकअप होता म्हणूनच निभावले.

मूळ कारण फाइलींत नव्हते, पत्त्यांत होते. मल्टिसाइटमध्ये मुख्य संकेतस्थळ सोडून इतरांच्या फाइली ‘अपलोड्स’ फोल्डरातील ‘साइट्स’मध्ये, त्या त्या संकेतस्थळाच्या क्रमांकाखाली राहतात, माझा क्रमांक ३ होता. स्वतंत्र संकेतस्थळ त्याच फाइली थेट ‘अपलोड्स’मध्ये शोधते, म्हणून मी त्या तिथे हलवल्या होत्या. मुख्य छायाचित्राच्या बाबतीत लेखाजवळ फक्त त्या चित्राचा क्रमांक असतो आणि चित्राच्या नोंदीत वर्ष, महिना व फाइलीचे नाव एवढाच मार्ग असतो. पत्त्याचा त्याआधीचा भाग वर्डप्रेस दर वेळी नव्याने जोडते, त्यामुळे ते चित्र आपोआप सापडते. मजकुरातील चित्राचा पत्ता मात्र ते लेखात घातले त्या दिवशी होता तसाच, ‘साइट्स’ आणि ‘३००x२००’ यांसकट, लेखात कायमचा लिहिला जातो. (ज्यांचे मल्टिसाइट २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या ३.५ आवृत्तीपूर्वीचे आहे, त्यांनी ‘साइट्स’ऐवजी ‘फाइल्स’ असलेले पत्ते शोधावेत, कारण तेव्हा फाइली ‘ब्लॉग्स-डॉट-डिर’ या फोल्डरात राहत असत.)

पत्ते बदलण्याचा पहिला प्रयोग मी डेटाबेसच्या प्रतीवर एसक्यूएल या डेटाबेसच्या आज्ञाभाषेतील साध्या ‘रिप्लेस’ने केला आणि प्रतीवर केला याचे मला अजूनही समाधान वाटते. थीमची, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाची, मांडणी ऑप्शन्स टेबलात सिरीयलाइज करून ठेवलेली असते, म्हणजे प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी अंकात लिहिलेली असते. पत्त्यातून ‘साइट्स’ आणि ‘३’ हा तुकडा तिरप्या रेघांसह काढला, की रोमन लिपीतील आठ अक्षरे कमी होतात. लांबीचा आकडा मात्र, उदाहरणार्थ, ७१ चा ७१ च राहतो, प्रत्यक्षात अक्षरे ६३ असतात आणि पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिले आहे ती भाषा) ती संपूर्ण नोंद वाचायचेच नाकारते. माथ्याचे चित्र, मेनूच्या जागा, रंग असे सगळे एकाच वेळी नाहीसे झाले. डब्ल्यूपी-सीएलआयची ‘सर्च-रिप्लेस’ कमांड हे आकडे स्वतः जुळवते. मी ती आधी ‘ड्राय-रन’ने, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता, तपासली, ‘जीयूआयडी’ हा नोंदीच्या कायमच्या ओळखीचा रकाना वगळला आणि मगच चालवली. त्यानंतर बॅकअपमधील ‘३००x२००’ च्या फाइली, विद्यमान फाइलींना धक्का न लावता, परत आणल्या.

चित्रे दिसू लागली, तरी दाट पिक्सेलच्या पडद्यावर ती धूसर वाटत होती. पानाचा स्रोत उघडून पाहिला, तेव्हा मजकुरातील चित्रांना ‘एसआरसीसेट’च (पडद्यानुसार निवडण्यासाठी दिलेली त्याच चित्राच्या वेगवेगळ्या आकारांची यादी) नव्हता. ४.४ आवृत्तीपासून वर्डप्रेस तो स्वतः जोडते. मात्र मजकुरातील फाइलीचे नाव चित्राच्या मेटाडेटात सापडले नाही, तर जोडत नाही, आणि माझ्या मेटाडेटात आता फक्त ४०० ची नोंद होती. म्हणून ३०० रुंदीचा जुना आकार वेगळ्या नावाने थीममध्ये नोंदवला आणि या वेळी ‘ओन्ली-मिसिंग’ हा पर्याय देऊन कमांड चालवली. तो पर्याय काहीही पुसत नाही. चित्रांना पूर्वीचा रेखीवपणा आला. फुलपाखराच्या पंखावरील खवले पुन्हा वेगवेगळे दिसले, तेव्हा झालेला आनंद मोठा होता.

बाहेरून आलेल्या जुन्या दुव्यांसाठी ‘एचटीअ‍ॅक्सेस’ या सर्व्हरच्या सूचनांच्या फाइलीत कायमस्वरूपी पुनर्निर्देशन लिहिले आहे. ते, वर्डप्रेस स्वतःच्या सूचना ज्या दोन खुणांच्या मध्ये लिहिते, त्या खुणांच्या वर ठेवले, कारण खुणांमधील मजकूर वर्डप्रेस पुन्हा लिहू शकते. शेवटी डेटाबेसमध्ये ‘साइट्स’ हा शब्द आणखी एकदा शोधला, तेव्हा १४ पत्ते क्रमांक २ चे निघाले: मल्टिसाइटमधील माझ्या नोंदींच्या संकेतस्थळावरची चित्रे मी कधीतरी इकडच्या लेखांत तशीच वापरली होती. त्या फाइली बॅकअपमधून वेगळ्या काढल्या आहेत. त्या मीडिया लायब्ररीत रीतसर चढवून एकेक लेख हाताने दुरुस्त करण्याचे काम पुढच्या नोंदीसाठी राहिले आहे.