मासात्लानचा कार्निव्हल आणि आईचं कालनिर्णय

आई-बाबा बर्फ बघायला म्हणून गिरगावातून मिनियापोलिसला आले आणि नेमका त्याच वर्षी बर्फ फारसा पडला नाही. २०२३-२४ चा हिवाळा इथला आजवरचा सगळ्यात उबदार हिवाळा निघाला, आईने आणलेले दोन थर्मल अन् तीन माकडटोप्या बॅगेतच राहिल्या. पण आम्ही शहाण्यासारखं ऑक्टोबरातच ठरवून टाकलं होतं की फेब्रुवारीत थंडीला कंटाळून कुठेतरी समुद्रावर पळायचं, आणि तिकीटं नॉन-रिफंडेबल. त्यामुळे न पडलेल्या थंडीपासून पळून आम्ही चौघं मेक्सिकोला गेलो. लिहायला मुहूर्त आत्ता लागतोय.

मेक्सिको म्हटलं की आपले सगळे देसी लोक कानकूनला जातात, ऑल इन्क्लुझिव्ह, हाताला पट्टा बांधून. बाबा म्हणाले पट्टा बांधून मी के.ई.एम.मध्ये झोपलोय, परत नको. मग नवऱ्याने मासात्लान शोधलं. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, सिनालोआ राज्यात, कर्कवृत्ताच्या जरासंच खाली. आणि तारखा बघताना कळलं की आपण जातोय त्याच आठवड्यात तिथे कार्निव्हल आहे, ८ ते १३ फेब्रुवारी. १८९८ पासून रीतसर होतो, त्याआधी नुसती धुळवड होती, लोक एकमेकांना पीठ फासायचे, गोदीवाले विरुद्ध बाजारवाले अशी जुंपायची आणि शेवटी मारामारीवर यायचं. मग एका डॉक्टरच्या पुढाकाराने कमिटी बसली आणि पिठाच्या जागी रंगीत कागदाचे तुकडे आले. आपल्याकडे कुठल्या सोसायटीत धुळवडीवर कमिटी बसलीय आणि ती यशस्वी झालीय असं मला तरी आठवत नाही.

आता तारखेचं. आईचा पहिला प्रश्न, कार्निव्हल दरवर्षी याच तारखेला का? मी सांगितलं नाही गं, ईस्टरवर आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी जी पहिली पौर्णिमा त्याच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्याच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा दिवस, बुधवारपासून त्यांचे उपास सुरू. आईने पर्समधून छोटं कालनिर्णय काढलं (होय, ती ते घेऊन अमेरिकेत येते), बोट फिरवलं आणि म्हणाली, म्हणजे होळी झाली की पुढच्या रविवारी त्यांचा ईस्टर. मग तिथीनेच आहे की, एवढं काय फिरवून सांगतेस. आणि बोट तसंच मागे नेत फेब्रुवारीवर आली आणि थांबली. मंगळवार १३ फेब्रुवारी, माघी गणेश जयंती. झालं. म्हापशाच्या मावशीला फोन गेला, तर तिच्याकडेही त्याच आठवड्यात कार्निव्हल, पणजीत किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, यायचा होता. मावशी म्हणाली मग इथेच यायचं की गं, एवढं लांब कशाला. तिचंही बरोबर आहे.

व्हिसाचं थोडक्यात सांगते कारण सगळे हेच विचारतात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आई-बाबांचा व्हिजिटर व्हिसा मल्टिपल एंट्री होता, आमचे स्टॅम्प चालू होते, त्यामुळे काम झालं. ज्यांचा पासपोर्टातला स्टॅम्प संपलाय आणि नुसत्या कागदांवर अमेरिकेत आहेत त्यांनी आधी मेक्सिकोच्या कॉन्सुलेटची पायरी चढावी, एअरपोर्टवर जाऊन नशीब आजमावू नये.

आणि दुसरा विषय, जो आम्ही आईपासून लपवला आणि बाबांनी स्वतःच गुगल करून काढला. सिनालोआ म्हणजे तेच सिनालोआ, ड्रग्जवाल्या टोळ्यांचं, कार्टेलवालं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या यादीत हे राज्य तेव्हाही सगळ्यात वरच्या धोक्याच्या लेव्हलला होतं, जाऊ नका म्हणून. पण त्यांच्याच कर्मचाऱ्यांना मासात्लानला विमानाने किंवा बोटीने जायची परवानगी होती, तीही फक्त हॉटेलांचा सोनेरी पट्टा आणि जुनं गाव एवढ्यातच. आम्ही तोच नियम स्वतःला लावून घेतला. गाडी भाड्याने घ्यायची नाही, गावाबाहेर हायवेला जायचं नाही. दुरांगोकडून येणाऱ्या रस्त्यावर बालुआर्ते नावाचा ४०० मीटर उंचीचा पूल आहे, नवऱ्याला तो बघायची फार हौस होती, ती मारली. आम्ही गेलो तेव्हा काही झालं नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरात कार्टेलच्या दोन गटांत राज्याच्या राजधानीकडे, कुलियाकानला, भांडण पेटलं आणि राज्यातली परिस्थिती बिघडली. त्यामुळे हे वाचून कोणी बिनधास्त तिकीट काढणार असेल तर मी जबाबदार नाही, आधी त्या दिवशीची सूचना वाचा. मी स्वतः आत्ता आई-बाबांना घेऊन गेले नसते.

प्लॅनिंगमध्ये आमचं सगळ्यात जास्त डोकं कुठे गेलं तर राहायचं कुठे यावर. मासात्लानला समुद्राच्या कडेने मालेकोन आहे, म्हणजे आपलं मरीन ड्राइव्ह, फक्त हे तब्बल २१ किलोमीटर. बाबा पहिल्या दिवशी सकाळी वॉकला गेले ते दोन तासांनी टॅक्सीने परत आले, म्हणाले संपतच नाही. दक्षिण टोकाला ओलास आल्तास आणि जुनं गाव, उत्तरेला हॉटेलांचा पट्टा. कार्निव्हलचा सगळा दंगा ओलास आल्तासला, रात्री रस्ता दोन्हीकडून बंद करून किरकोळ तिकीट लावतात, आत झडती घेऊन सोडतात, आणि मग एकेक स्टेज, प्रत्येकावर वेगळा बँड, पहाटेपर्यंत. नवऱ्याचं म्हणणं जवळच राहू, मजा. मी म्हटलं तू विसर्जनाच्या रात्री गिरगावात राहिला नाहीस म्हणून बोलतोयस. आम्ही लहानपणी अनंत चतुर्दशीला दुपारी बारानंतर कुठे निघू शकायचो का? नाही. दूध-पाव-औषधं सकाळीच आणून ठेवायची, पाहुण्यांना चर्नी रोड स्टेशनवरून चालत यायला सांगायचं, बाथरूमला रांग. इथेही तेच धरून चाललो. प्लासुएला माचादो नावाचा जुना चौक आहे, झाडं, बाकं, भोवती रंगीत घरं, त्याच्या मागच्या दोन गल्ल्या सोडून एक फ्लॅट घेतला, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. कार्निव्हलच्या आठवड्याचा भाव नेहमीच्या दुपटीहून जास्त होता, आणि मालकाने फोटोत दाखवलेली गच्ची शेजाऱ्यांची निघाली, ते असो. आवाज यायचा पण खिडकीच्या काचा थरथरत नव्हत्या. परतीचं विमान बुधवारी घेतलं, मंगळवारी घेतलं असतं तर मिरवणुकीत बंद झालेल्या रस्त्याने एअरपोर्ट गाठायला नाकी नऊ आले असते.

पुल्मोनिया! हे सांगायचंच राहिलं. तिथल्या टॅक्सीला पुल्मोनिया म्हणतात, म्हणजे स्पॅनिशमध्ये न्यूमोनिया. गोल्फ कार्टसारखी उघडी गाडी, फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर बनवलेली, वर छप्पर, बाजूला काही नाही. १९६५ ला सुरू झाली तेव्हा बंद टॅक्सीवाल्यांनी आवई उठवली की यात बसाल तर वाऱ्याने न्यूमोनिया होईल, आणि नाव तेच चिकटलं. हे मी आईला सांगायला नको होतं. पुढचे पाच दिवस, पंचवीस डिग्रीच्या उन्हात, माझी आई मासात्लानच्या मालेकोनवरून माकडटोपी घालून फिरली. मिनेसोटात न निघालेली टोपी इथे निघाली. पुल्मोनियावाले स्पीकरवर धाडधाड बांदा लावतात, कार्निव्हलमध्ये भावही वाट्टेल तो सांगतात, बसायच्या आधी ठरवून घ्या. आई बोटांनी ठरवायची, आणि माझ्यापेक्षा स्वस्तात.

बांदा म्हणजे सिनालोआचा ब्रास बँड. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, मोठा ढोल ज्याला ते तांबोरा म्हणतात, आणि गळ्यात अजगर घालावा तसा तुबा, म्हणजे भलंमोठं पितळी तोंडवाद्य. आपल्या लग्नातल्या ब्रास बँडची आठवण येतेच. तिथे एकोणिसाव्या शतकात जर्मन व्यापारी येऊन राहिले होते, गावातली पॅसिफिको बिअरही १९०० साली त्यांनीच काढली, आणि बांदाच्या चालींत त्यांचा पोल्का हा नाचाचा ठेका मुरलाय असं म्हणतात. बाबांना बिअर आणि बांदा दोन्ही पटलं. आईला तुबा वाजवणाऱ्या पोराची काळजी, केवढा दम लागतो, जेवतो की नाही.

शनिवारी रात्री नाविक लढाई. ३१ मार्च १८६४ ला ला कोर्देलिएर नावाचं फ्रेंच जहाज बंदरावर तोफा डागायला आलं होतं आणि गावाच्या तोफखान्याने त्याला पिटाळलं, त्याची आठवण म्हणून ओलास आल्तासच्या समोर समुद्रातून आणि किनाऱ्यावरून एकमेकांवर आतषबाजी सोडतात. (फ्रेंच त्याच वर्षी पुढे येऊन गाव घेऊन गेलेच, पण त्याचे फटाके कोण कशाला उडवेल.) आम्ही दोन तास आधी जाऊन कठड्याला चिकटून उभे राहिलो, गर्दी म्हणजे गर्दी, आणि फटाके खरंच डोक्यावर येऊन फुटल्यासारखे. माल उमोर म्हणजे वाईट मूडचा पुतळा जाळतात तो मात्र हुकला. कोणीतरी लोकांच्या डोक्यात गेलेला पुढारी वगैरे निवडतात आणि त्याला जाळतात म्हणे. आई म्हणाली मग बोंबा मारतात का? ते बघायचं राहिलं.

खाण्यात आम्ही कोकणी लोक म्हणजे मासळीचा विषय निघाला की गंभीर होतो. आकिलेस सेर्दान नावाच्या रस्त्यावर बायका फुटपाथवर टोपल्या-टब मांडून कोळंबी विकतात, छोट्या, मोठ्या, सोललेल्या, सुकवलेल्या. बाबा तिथे अर्धा तास उभे. शेवटी म्हणाले, भाऊच्या धक्क्यावर पण असा माल राहिला नाही आता. आग्वाचिले मात्र त्यांच्या घशाखाली पहिल्या दिवशी गेलं नाही. कच्ची कोळंबी, लिंबाचा रस, हिरवी मिरची, काकडी, कांदा, बस्स. लिंबाने पांढरी पडते पण शिजलेली थोडीच असते, म्हणाले. तिसऱ्या दिवशी हळूच माझ्या प्लेटमधली उचलली, चौथ्या दिवशी स्वतःची मागवली. मिरची म्हणाल तर खरोखर झणझणीत, आपल्याला मिळमिळीत खायला घालणारे इथले मेक्सिकन रेस्टॉरंटवाले कुठले कोण जाणे.

सोमवारी आई पिनो सुआरेस मंडईत शिरली. जुनी लोखंडी मंडई आहे, आतून क्रॉफर्ड मार्केटच्या वळणाची. तिला तीळ आणि गूळ हवा होता. बाबा चिडवत होते, इथल्या घड्याळाने चतुर्थी आजच उरकतेय, उद्या कसला बसवतेस. आईने कालनिर्णय दाखवलं, मंगळवार छापलाय, विषय संपला. तीळ लगेच मिळाले, सिनालोआत पिकतातच. गुळासाठी मी फोनवर भाषांतर करत होते तेवढ्यात आईने वरच्या फळीवर बोट दाखवलं. तपकिरी, छोट्या सुळक्यासारख्या ढेपा, पिलोन्सियो. तिने एक नाकाशी धरली आणि म्हणाली, कोल्हापुरी नाही, पण गूळ आहे. तो इतका टणक की फ्लॅटच्या मालकाच्या फ्राइंग पॅनच्या बुडाने ठेचावा लागला, त्याचा डाग अजून आमच्या रिव्ह्यूत आहे. चाळीसेक लाडू झाले. सुपारीचा गणपती, कपात फुलं, खिडकीतून तुबा.

मंगळवारी दुपारची शेवटची मिरवणूक. लोक सकाळीच येऊन खुर्च्या दोरीने बांधून जागा धरतात, काहींनी तर पिकअपच्या मागे चक्क सोफा टाकलेला. आमच्या शेजारी असंच एक मोठं खटलं, आजीबाई सोफ्यावर मधोमध. आईने डबा पुढे केला. आजींनी लाडू फोडला, चाखला, पिलोन्सियो? आई म्हणाली हो हो, पिलोन्सियो, आणि तीळ. बास, मैत्री झाली. कार्निव्हलची राणी रथावरून हात हलवत गेली तेव्हा दोघी एकमेकींना काहीतरी सांगत होत्या, कुठल्या भाषेत ते मला माहीत नाही. मग आजींनी पिशवीतून एक रंगवलेलं अंडं काढलं आणि उठून सरळ बाबांच्या टकलावर फोडलं.

कास्कारोनेस म्हणतात त्याला, नुसतं टरफल, आत रंगीत कागदाचा चुरा. बाबा गुलाबी-हिरवे होऊन बसले, सगळं खटलं टाळ्या वाजवतंय, आणि आई माझ्याकडे वळून दबक्या आवाजात, अगं आज चतुर्थी आहे, अंडं कसलं फोडतायत!

मी म्हटलं रिकामं आहे गं, टरफल आहे फक्त.

टरफल अंड्याचंच ना, आई म्हणाली. मग दोन मिनिटं गप्प बसून बाबांच्या डोक्याकडे बघत राहिली आणि पर्समधून दहा पेसोचं नाणं काढून माझ्या हातात दिलं. बघ गं तो पोरगा विकतोय तिकडे, एक मला पण आण.