तुम्ही विचारलंत म्हणून : शिकाऊ डॉक्टर आमच्यावरच शिकतात का?

कोल्हापुरात मी बरीच वर्षे मेडिसिन हा विषय शिकवला. त्यामुळे ओळखीतले कुणी सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, दाखल झाले की नातेवाईक मला हमखास विचारतात, "सकाळपासून तीन-चार मुले येऊन तेच तेच विचारून गेली. ती आमच्यावरच शिकतात का?"

होय, शिकतात. मात्र उपचार ती ठरवत नाहीत. वॉर्डातला प्रत्येक रुग्ण कोणत्या तरी युनिटचा असतो. त्याच्या उपचारांची जबाबदारी युनिटप्रमुखांवर असते आणि त्यांच्या हाताखाली इतर प्राध्यापक, निवासी डॉक्टर व इंटर्न काम करतात. तुम्हाला प्रश्न विचारणारा विद्यार्थी या उतरंडीच्याही खाली असतो. साडेचार वर्षांच्या एमबीबीएसमधले पहिले वर्ष त्याने शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांत घालवलेले असते. शवविच्छेदनाच्या टेबलावर तो जे शिकतो, ते देहदान करणाऱ्यांमुळेच शक्य होते. हे ऋण समाजात फारसे कुणी बोलून दाखवत नाही, याचे मला वाईट वाटते.

त्यानंतर तो वॉर्डात येतो आणि 'केस घ्यायला' शिकतो. माझ्या मते डॉक्टर खऱ्या अर्थाने इथेच घडतो. समजा, राधानगरीकडचे एखादे आजोबा म्हणाले, "रात्री झोप लागत नाही." नवखा विद्यार्थी 'निद्रानाश' असे लिहून मोकळा होतो. राउंडला शिक्षक त्याला पुन्हा आजोबांकडे पाठवतात : आडवे झाल्यावर दम लागतो का, उशाला किती उशा घ्याव्या लागतात, मध्यरात्री धाप लागून उठून बसावे लागते का, संध्याकाळी पाय सुजतात का? उत्तरे होकारार्थी आली, तर प्रश्न झोपेचा राहत नाही. हृदय कमकुवत झाल्याची शंका घेऊन त्या दिशेने तपासावे लागते. आजोबांना तेच पुन्हा विचारले जाते, ते यासाठी. कोणता प्रश्न विचारायचा हे पुस्तकात छापलेले असते, पण दमलेल्या माणसाला तो कोणत्या शब्दांत आणि किती धीराने विचारायचा, हे खाटेशेजारी उभे राहूनच कळते.

2019 पासूनच्या अभ्यासक्रमात रुग्णांशी संवाद आणि वैद्यकीय नीती यांना स्वतंत्र स्थान मिळाले, विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासूनच रुग्ण दिसू लागले आणि पुढे गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करण्याचाही त्यात समावेश झाला. हे बदल योग्यच आहेत. मला चिंता वाटते ती शेवटच्या, इंटर्नशिपच्या वर्षाची. प्रसूतिगृह, अपघात विभाग आणि ग्रामीण केंद्रे यांत प्रत्यक्ष काम करून हात बसवण्याचे हे वर्ष. पण पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा डोक्यावर असल्यामुळे अनेक मुले ते बहुपर्यायी प्रश्न सोडवण्यात घालवतात. दोष केवळ मुलांचा नाही. ज्या परीक्षेवर त्यांचे पुढचे आयुष्य ठरते, तिच्यात टाका नीट घातला की नाही याला गुण नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी विद्यार्थिनी वही घेऊन आली आणि रुग्णाला बरे वाटत असेल, तर तिला जरूर वेळ द्या. रुग्ण थकला असेल, तर "आत्ता नको" असे स्पष्ट सांगा. तपासण्यापूर्वी परवानगी घेणे हे तिचे कर्तव्य आहे आणि तुम्ही नकार दिलात म्हणून उपचारांत फरक पडता कामा नये. उपचारांबद्दल शंका असेल, तर ती तिला न विचारता युनिटच्या डॉक्टरांना विचारा. उत्तर देण्याची जबाबदारी त्यांची आहे.