हिरवी तिकिटं आणि लॉक झालेलं खातं

११ तारीख म्हणजे अकाउंट्समध्ये मागच्या महिन्याचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी तिथल्या सीनियर मॅडमचं विंडोजचं खातं सकाळपासून लॉक होत होतं. दुपारी त्या थेट आमच्या आयटीच्या खोलीत आल्या. "तुमच्याकडे माणूस आहे ना कोणी? त्या चॅटमध्ये मला आता परत काही टाइप करायचं नाहीये," म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता. रिटर्न अडकलं होतंच, शिवाय तुर्भ्याच्या गोडाउनवर माल भरलेली गाडी ई-वे बिलासाठी खोळंबली होती. पन्नास हजार रुपयांच्या वरचा माल त्या कागदाशिवाय राज्याबाहेर पाठवता येत नाही आणि ते बिल मॅडमच काढतात.

आमचं ऑफिस ऐरोलीला. गेल्या वर्षी सर्व्हिस डेस्कवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तक्रारी घेणाऱ्या आमच्या विभागात, चॅटवर उत्तरं देणारा एआय बॉट आला. यंदा एप्रिलमध्ये लोकांच्या जागेवर जाऊन मशीन बघणाऱ्या मुलांचं कंत्राट संपलं, ते पुढे वाढवलं नाही. आता तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आलं की आधी बॉट बघतो. खातं लॉक असेल तर ओटीपी घेतो, खातं उघडतो, तिकीट बंद करतो. दोन मिनिटांचं काम, आणि ते तो चोख करतो. रात्री दोन वाजता पासवर्ड विसरलेल्या माणसाला सकाळपर्यंत ताटकळावं लागत नाही, ही मोठी सोय आहे.

पण मॅडमचं खातं उघडल्यावर पाव तासाने पुन्हा लॉक व्हायचं. त्या पुन्हा तिकीट टाकायच्या, बॉट पुन्हा उघडायचा. दर वेळी तिकीट नवं, त्यामुळे 'पुन्हा उघडलेलं' या रकान्यात काहीच दिसत नव्हतं. मी डॅशबोर्ड उघडला तर त्यांची सगळी तिकिटं हिरवी, पहिल्याच संपर्कात सुटलेली. एका बाईचा अख्खा दिवस वाया गेला होता आणि आमच्या आकडेवारीत तो आमचा उत्तम दिवस ठरला होता. याचा मला फार राग आला, अजूनही येतो.

बॉटने कारणही सुचवलं होतं: मोबाइलवरच्या मेलमध्ये जुना पासवर्ड राहिला असावा. अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही, बहुतेक वेळा तेच निघतं. मॅडमनी सकाळीच फोनवरून मेल काढून टाकला होता. काही फरक पडला नव्हता.

मी डोमेन कंट्रोलरचे, म्हणजे खाती आणि पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरचे, लॉग काढले. खातं लॉक झालं की ४७४० नंबरची नोंद पडते, आणि तीत कुठल्या मशीनवरून प्रयत्न झाला त्याचं नाव येतं. इथे नावाची जागा रिकामी होती. मग ४७७१ बघायचा. कर्बेरॉसने, म्हणजे विंडोजच्या ओळख तपासायच्या पद्धतीने, पासवर्ड नाकारला की ही नोंद पडते. ०x१८ कोड असेल तर पासवर्ड चुकीचा, आणि बाजूला आयपी, म्हणजे त्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता. लॉग चाळायची पॉवरशेल स्क्रिप्ट मी एआयकडूनच लिहून घेतली. मिनिटभरात झाली. आयपी तुर्भ्याचा निघाला. त्याहून विचित्र म्हणजे या नोंदी दर पंधरा मिनिटांनी, मागे जावं तिथवर पसरलेल्या होत्या. मग खातं आजच का लॉक व्हावं?

याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते सांगताना मला आनंद होतो. ऑफिसची सगळी विंडोज खाती सांभाळणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी मागचे दोन पासवर्ड माफ करते. त्यातला एखादा कुणी टाकला तर आत घेत नाही, पण चुकांच्या मोजणीतही धरत नाही. पासवर्ड त्याहून जुना झाला की मोजणी सुरू. मॅडमनी आदल्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला होता. म्हणजे कुठेतरी तीन पासवर्डांपूर्वीचा साठवून ठेवलेला होता. म्हणून तर नोंदी जुन्या होत्या आणि खातं मात्र आजच लॉक व्हायला लागलं.

टीममधल्या ज्युनियर मुलीला सोबत घेतलं आणि ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याला गेलो. स्टोअरच्या काकांच्या पीसीवर लाल फुली पडलेला एक नेटवर्क ड्राइव्ह होता. साठवलेले पासवर्ड जिथे राहतात त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये मॅडमचं नाव, आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये ई-वे बिलांच्या पीडीएफ ओढून आणणारी एक छोटी बॅच फाइल, दर पंधरा मिनिटांनी चालणारी. ती लावली होती कंत्राटातल्याच एका मुलाने. तो असता तर फोनवर सांगून मोकळा झाला असता.

"काका, मॅडमचं खातं इथे कशाला?"

"मग काय करणार साहेब? त्या बिलांच्या फोल्डरचं माझं ॲक्सेस मागितलं, तर दोनदा उत्तर आलं की या पदाला परवानगी नाही. गाडीवाला दारात हॉर्न मारतोय. ऑडिटला मॅडम आल्या होत्या, त्यांनी इथे आपला पासवर्ड टाकला. पुढे तेही बंद पडलं, आता बिलं व्हॉट्सॲपवर मागवतो."

ते उत्तर बॉटचं होतं. नियमाला धरून होतं. 'तुम्हाला हा फोल्डर कशासाठी हवाय' असं मात्र त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर फक्त वाचण्यापुरती परवानगी देऊन प्रश्न तिथेच संपला असता.

ड्राइव्ह काढला, क्रेडेन्शियल पुसलं, टास्क बंद केला, मॅडमचं खातं उघडलं. ते परत लॉक झालं नाही. ई-वे बिल निघालं, गाडी सुटली, रिटर्न रात्री भरलं गेलं. काकांना परवानगी मी रीतसर मंजुरी घेऊन दिली.

अडलंय ते अहवालात. 'मूळ कारण' या रकान्यात तिकिटांच्या टूलने आपणहून 'वापरकर्त्याची चूक' भरून ठेवलंय. मॅडमनी पासवर्ड दिला हे खरंच आहे, आणि ते चूकच. पण एवढंच लिहिलं तर त्यांना आणि काकांना नोटीस जाईल आणि ज्या नकारामुळे हे घडलं तो तसाच राहील. मी तो रकाना बदलून 'ॲक्सेसची विनंती न समजता नाकारली' असं लिहिलंय. वरिष्ठांना ते पटलेलं नाही. एकाच माणसाची एकाच दिवशी तीच तक्रार परत आली तर ती माणसाकडे पाठवा, अशी मागणी मी केली. बॉट पुरवणारे म्हणतात हा वेगळा बदल आहे, त्याचे वेगळे पैसे पडतील.

परतीच्या लोकलमध्ये ती ज्युनियर मुलगी म्हणाली, "सर, मी जॉइन झाल्यापासून आज पहिल्यांदा युजरचं मशीन समोर बसून बघितलं." हुशार मुलगी आहे, लॉग माझ्यापेक्षा भराभर वाचते. पण आम्ही ज्या फुटकळ तिकिटांवर शिकलो ती तिच्यापर्यंत येतच नाहीत, आणि मोठं तिकीट आलं की तिला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. आठवड्यातला एक दिवस तिला गोडाउनांवर पाठवायचं मी ठरवलंय. मॅनेजर विचारतात, तो वेळ कुठल्या तिकिटावर लावायचा? या आठवड्यापुरता मी तो याच तिकिटावर लावलाय. मंगळवारी ती महाप्याला जाईल.