सव्वा मूठ गहू

श्रावणात आमच्या गल्लीतल्या गिरणीवर एक पाटी लागते: ‘कानबाईचे रोट दळून मिळतील. इतर दळण बंद.’ कानबाई ही आमची खान्देशातली देवी, आणि रोट म्हणजे तिच्या नैवेद्याचे गहू आणि त्यांच्या पोळ्याही. परवा दुपारी त्या पाटीखाली मी ओळीत उभी होते. जळगावचा श्रावण म्हणजे पाऊस दडी मारून बसलेला आणि घाम मात्र धो धो. माझ्यापुढे दोन बायका होत्या. दोघींच्या डोक्यावर पदर, दोघींच्या हातात कोऱ्या फडक्यानं बांधलेले डबे, चपला दोघींनी बाहेरच काढून ठेवलेल्या. आणि दोघी कडाकडा भांडत होत्या. भांडण नंबरावरून नव्हतं, गव्हावरून होतं. एकीचं आधी दळलं की गिरणीत राहिलेलं तिच्या कुळाचं पीठ दुसरीच्या रोटात जाणार, म्हणजे विटाळ! बोलता बोलता गाडी पिठावरून घराण्यांवर घसरली, आणि कुणाच्या सुनेनं काय केलं ते सगळ्या ओळीला कळलं. शेवटी गिरणीवाला फडकं झटकत म्हणाला, “अक्का, गिरणी मी परत पुसून घेतो. तोंडाचं तेवढं तुम्ही बघा.”

मला हसू आलं. मागच्या बाईचा डबा मघापासून माझ्या पाठीला टोचत होता आणि तिला सुनवायचं वाक्य माझ्याही ओठांवर तयार होतं, ते तिथंच विरलं.

नियम मात्र आपण काय निगुतीनं पाळतो! नागपंचमीनंतरचा रविवार चुकत नाही. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू. त्यात पाळण्यातलं पोरही मोजायचं आणि नोकरीपायी सुरतेला गेलेला दीरही. पीठ सांडू द्यायचं नाही. रोट भाऊबंदांतच खायचा, परक्याला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. आमच्याकडे लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही तो चालत नाही, त्यामुळे माहेरचा रोट मला तोंडात टाकून कैक वर्षं झाली. सासरचा चांगला असतो, तक्रार नाही. पण गंगाफळाच्या भाजीला ती चव नाही, ते नाहीच.

चातुर्मासाचंही तसंच. खान्देशी माणसानं वांगं सोडणं म्हणजे केवढा त्याग, असं बाहेरच्यांना वाटतं. आता खरं सांगायचं तर भरिताचं खरं वांगं थंडी पडल्याशिवाय बाजारात येतच नाही. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यानं वांगी पुन्हा ताटात येतात तोवर हवाही बरोबर जमून आलेली असते. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी एका वर्षी वांग्याऐवजी उणीदुणी सोडली. आषाढी ते कार्तिकी, कुणाबद्दल वाकडं बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यातच ओट्यावरच्या बैठकीतून त्यांचं लक्ष उडालं. बोलायला विषयच उरेना! मग “आज ऊन आहे” आणि “उद्याही असेल” एवढ्यावर त्या संध्याकाळ काढू लागल्या. गोकुळाष्टमीच्या सुमाराला त्यांच्या सुनेनं काळजीनं त्यांचं बीपी तपासून आणलं. पुढच्या वर्षी मावशी वांग्यावर परतल्या. मला त्या माऊलीचं अजून कौतुक वाटतं. त्यांनी निदान धरायला अवघड अशी गोष्ट धरली.

अशा न दिसणाऱ्या गोष्टी आल्या की मला अमळनेर आठवतं. साने गुरुजी तिथं 1924 ते 1930 शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळायचे. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात त्यांनी केलेला दहा दिवसांचा उपास पुस्तकांत आहे, भाषणांत आहे, असायलाच हवा. पण वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, त्यांचे मळके कपडे धुवायचे, हे मला उपासापेक्षा भारी वाटतं. उपासाकडे अवघा महाराष्ट्र डोळे लावून बसला होता. धुण्याकडे कोण बघतंय? आणि पोरं उद्या पुन्हा मळवणारच. माझ्याच्यानं तर स्वतःच्या मुलाचे मोजे तोंडातून शब्द न काढता धुववत नाहीत.

आमच्या नानांच्या गळ्यात माळ होती. रोज संध्याकाळी हरिपाठ. आवाज असा खणखणीत की शेजारच्या वाड्यात बापूकाकांना ऐकू जावा, आणि जायचाही. दोघा भावांत विहिरीवरून बिनसलं होतं. मोटर एक, पाळ्या दोन, आणि वीज रात्री-बेरात्री येणारी. एका रात्री कुणी कुणाच्या पाळीत बटण दाबलं, त्यावरून बोलणं तुटलं. मग बांध, मग मोजणी, मग तालुक्याच्या कोर्टात तारखा.

पण देव्हारा एक, कानबाई एक. त्यामुळे रोट एकत्रच. गहू मोजायची आमची मोठीमाय, थोरल्या काकांची बायको. सूप पुढ्यात, एकेकाचं नाव घेत मूठ भरायची. बापूकाकांच्या नावाला तिचा हात सुपात गेला तेव्हा मी विचारलं, त्यांची पण मूठ घ्यायची? मोठीमायनं वर बघितलंसुद्धा नाही. “तो भांडना ते तुन्हा बापसंगे, कानबाईसंगे नही.”

रविवारी रात्री बापूकाका आले. आरतीला उभे राहिले, पंगतीत नानांच्या शेजारच्या पाटावर बसले, कारण पाट मोठीमायनं मांडले होते. शब्द नाही. खीर संपली तेव्हा नानांनी वाटी तिकडे सरकवली, तीही भिंतीकडे बघत. पण रोट उरले. दर वर्षी उरायचे. सोमवारी कानबाई नदीवर पोचवून आलो की मोठीमाय कपाळाला हात लावायची: एवढे उरले, टाकता येत नाहीत, दुसऱ्याला देता येत नाहीत, दोष लागेल! मग बापूकाकांना परत बोलावणं. मंगळवारी पुन्हा. रोट संपेस्तोवर दोघं भाऊ मांडीला मांडी लावून बसायचे. पन्नास वर्षं स्वयंपाकघर चालवलेल्या बाईचा अंदाज नेमका कानबाईलाच कसा चुकायचा, हे मला तेव्हा कळलं नाही. बापूकाकांच्या नावाची मूठ भरताना तिचा पंजा मात्र भाकरीएवढा व्हायचा, हे मी बघितलेलं आहे.

मुक्ताई आमची, म्हणजे खान्देशची. जन्मानं नव्हे, समाधीनं. 1297 मध्ये तापीकाठी मेहूणजवळ ती अंतर्धान पावली असं परंपरा सांगते, आणि अजून तिची पालखी ज्येष्ठात निघून महिनाभर चालत पंढरपूरला जाते. थोरला भाऊ रागावून झोपडीची ताटी लावून बसला, आणि ही एवढीशी पोर दाराबाहेर उभी राहून त्याला समजावत राहिली, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ. मोठीमायला तर ते अभंगही पाठ होते. पण तिनं ते दोघा दिरांपुढे कधी म्हटले नाहीत. उपदेश केला असता तर नानांनी तिलाच चार ओव्या ऐकवल्या असत्या.

यातून काही झालं का? तर नाही. भाऊ बोलायला लागले नाहीत. बुधवारपासून पुन्हा जो तो आपल्या वाड्यात, इकडे हरिपाठ, तिकडे रेडिओ. कोर्टाचा निकाल लागला तेव्हा दोघंही नव्हते, आणि विहिरीतलं पाणी तर त्याच्याही आधी गेलं होतं. आता त्या जमिनीत चुलतभावांनी दोन वेगवेगळ्या बोअर घेतल्या आहेत.

मोठीमायच्या तेराव्याला चुलतभाऊ मला म्हणाला, “ताई, कानबाई आता आम्ही वेगळी बसवतो. एकत्र जमत नाही. आणि खरं सांगू का, रोट फार उरायचे.”